एटीव्हीची चेन दर आठ दिवसांनी ढिली पडते, आवळली की आवाज येतो: काय करावं?

प्रश्न विचारणारे भाऊ वरुडकडचे संत्रा बागायतदार आहेत. त्यांच्याकडे 125 सीसीची, चेनवर चालणारी एटीव्ही, म्हणजे शेतात-रानात चालणारी छोटी चारचाकी गाडी, आहे. मागच्या कॅरिअरवर फवारणीची टाकी बांधून ती बगीच्यात फिरते. चेन आठ दिवसांत ढिली पडते आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढताना ‘कट्ट’ असा आवाज येतो. आवळली की घों-घों सुरू होते. गावातला मिस्त्री म्हणतो नवी चेन टाका. आत्ता आहे ती चेन टाकून एक हंगामही उलटलेला नाही.

भाऊ, सध्या चेन बदलूही नका आणि आवळूही नका. आधी ती मोजा. तुम्ही जे सांगितलं त्यावरून मला वाटतं, आठ दिवसांनी चेन ढिली पडण्याचं कारण आठ दिवसांपूर्वीच्या आवळण्यातच आहे. तुम्ही गाडी रिकामी असताना चेन आवळता आणि मग टाकी भरून वर बसता. तेवढ्यात ती चेन तारेसारखी ताणली जाते, पण ते बसलेल्या माणसाला दिसत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, ज्या चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, बसवलेला असतो तो चिमटा पुढे एका पिनेवर वरखाली हलतो. इंजिनाचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, त्या पिनेच्या पुढे, थोड्या अंतरावर असतं. दोन्हींचं केंद्र एक नसल्यामुळे चिमटा हलला की छोट्या स्प्रॉकेटपासून एक्सलपर्यंतचं अंतर बदलतं. छोटं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि एक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त असतं, म्हणजे चेन सर्वांत घट्ट असते. रिकाम्या गाडीत एक्सल त्या रेषेच्या खाली लोंबत असतो. वजन पडलं, शॉकअप दबला, की तो वर येऊन रेषेजवळ पोचतो. म्हणून रिकाम्या गाडीत छान ताणलेली दिसणारी चेन टाकी भरल्यावर जीवघेणी घट्ट होते. मग एक्सलचं बेअरिंग, गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग, त्याचं ऑइल सील आणि चेनच्या पिना, सगळं एकदम झिजायला लागतं. ती झीज आठ दिवसांनी ‘ढिली चेन’ म्हणून समोर येते, तुम्ही पुन्हा आवळता, आणि चक्र चालू राहतं.

ढिली चेन निदान आवाज करून आणि दात चुकवून स्वतःच सांगते. घट्ट चेनचं बिल मात्र उशिरा येतं आणि मोठं येतं. दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली तर मी थोडी ढिली निवडीन.

आता मोजायचं कसं. सपाट जागा, इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये. पुढच्या चाकांना दगड लावा. खालच्या बाजूची चेन दोन्ही स्प्रॉकेटांच्या मधोमध बोटाने वर उचला, मग खाली दाबा. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या जागेतलं एकूण अंतर, म्हणजे चेनचा खेळ, पट्टीने मोजा. एकाच जागी मोजून थांबू नका. दगड काढून गाडी थोडी ढकला, दगड लावून पुन्हा मोजा, असं चेनचा पूर्ण फेरा होईपर्यंत करा. जुन्या चेनमध्ये एखादी जागा घट्ट आणि एखादी सैल निघतेच. जिथे सर्वांत घट्ट लागते तिथलाच आकडा खरा. सैल जागेवर मोजून आवळली तर घट्ट जागा फेऱ्यागणिक बेअरिंगला धक्के देते. तुमच्या घों-घों मध्ये तालावर चढउतार ऐकू येत असेल तर हेच चाललं आहे.

आकडा किती असावा, हे तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतं. लहान मशीनमध्ये तो साधारण 25 ते 40 मिमीच्या दरम्यान असतो. पुस्तकात चाकं जमिनीवर ठेवून मोजायला सांगितलं आहे की मागचा भाग उचलून, माणूस बसवून की न बसवता, तेही वाचा. कारण आकडा त्याच अवस्थेसाठी असतो.

पुस्तक नसेल, आणि आपल्याकडे बहुतेकांकडे नसतं, तर असं करा. टाकी नेहमीएवढी भरा, दोन माणसं बसवा, आणि तिसऱ्याने बाजूने बघत तिन्ही केंद्रं एका रेषेत येतात का ते पाहावं. तेवढ्याने येत नसेल तर माणसं उतरवा, टाकी रिकामी करा, फ्रेमखाली ओंडके लावा आणि मगच शॉकअपचा खालचा बोल्ट काढून चिमटा हाताने वर उचला, खाली लाकडाचा ओंडका द्या. त्या अवस्थेत चेनचा एकूण खेळ निदान 10 ते 15 मिमी उरला पाहिजे. तेवढा उरेल अशी चेन लावा, गाडी पुन्हा रिकामी करा आणि आता रिकाम्या गाडीत किती खेळ आहे ते मोजा. तो तुमच्या गाडीचा, तुमच्या वजनाचा आकडा. मडगार्डच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पट्टी लावली की झालं.

आवळताना हात किती हलका हवा, याचा एक हिशोब सांगतो. दोन स्प्रॉकेटांमधला चेनचा मोकळा भाग अर्धा मीटर धरा. मधोमध वरखाली मिळून 30 मिमी खेळ यायला चेनमध्ये जेमतेम 1 मिमी जादा लांबी पुरते, आणि एक्सल मागे सरकला की चेनच्या दोन्ही बाजू ताणल्या जातात. म्हणजे एक्सल अर्धा मिलिमीटर मागे गेला की तो सगळा खेळ संपला. पाना अर्धा फेरा मारून ‘आता बरी झाली’ म्हणणारे मिस्त्री या अर्ध्या मिलिमीटरवर खेळत असतात. थोडं फिरवा, मोजा, पुन्हा थोडं फिरवा.

आता गारा, म्हणजे चिखल. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि लोखंडाला सोडत नाही. ती छोट्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये ठासून बसते, दातांच्या तळात भरते आणि चेन वर उचलली जाते. स्प्रॉकेट जाड झाल्यासारखं होऊन चेन घट्ट लागते. चिखलात मोजलं तर चेन बरोबर वाटते, आणि माती वाळून गळाली की तीच ढिली होते. पावसाळ्यात पांदणीतून आल्यावर लगेच पाना घेऊन बसणारे इथेच फसतात. म्हणून कव्हर काढा, काडीने माती उकरा, चेन धुवा, वाळवा आणि मगच मोजा. पावसाळाभर खेळ दिलेल्या मर्यादेच्या सैल टोकाकडे ठेवा, म्हणजे माती भरली तरी थोडी जागा राहते. प्रेशर वॉशरचा फवारा चेनवर आणि एक्सलच्या सीलवर सरळ मारू नका, पाणी आत शिरतं. साध्या नळाची धार पुरे.

उन्हाळ्यात मला उलटा प्रश्न विचारतात: 45 अंशात लोखंड पसरतं, म्हणून चेन ढिली होते का? नाही. दीड मीटर चेनचं तापमान 25 अंशांनी वाढलं तर लांबी अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, आणि बाजूचा चिमटाही तापून वाढतोच. चेन ढिली पडते ती झिजून. चेनमध्ये शंभरेक सांधे असतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश मिळून फक्त 0.1 मिमी झिजले तरी पूर्ण चेन 10 मिमी लांब होते. कडी ताणली जात नाही, सांधा झिजतो. त्यामुळे वाळू, फुफाटा आणि कोरडेपणा हे चेनचे खरे वैरी आहेत.

तरीही आठ दिवसांत वारंवार ढिली पडणं ही एकट्या झिजेची चाल नाही. चेनबाहेर तीन जागा आधी तपासा.

पहिली, आणि या तिन्हींत माझा सर्वांत जास्त संशय तिच्यावर: एक्सल धरून ठेवणारे बोल्ट. तुमच्या गाडीत बहुधा दोनपैकी एक रचना असेल. एकीत एक्सलचं बेअरिंग-घर गोल असतं आणि चिमट्याच्या टोकाला असलेल्या चिरलेल्या कड्यात बसतं. एक्सल त्या घराच्या मध्यावर नसतो, जरा बाजूला असतो, म्हणून घर फिरवलं की एक्सल मागेपुढे होतो. चिरेवरचे दोनतीन बोल्ट आवळून ते घर पकडून ठेवतात. चिरेत माती किंवा गंज बसला असेल तर बोल्ट आवळल्यासारखे लागतात, पण चीर मिटतच नाही आणि घर सैल राहतं. चढावर चेनने जोर लावला की घर स्वतःच फिरतं, एक्सल पुढे येतो, चेन ढिली. ओळखायला सोपं आहे: घर आणि चिमटा दोन्हींवर मिळून पेंटची एक सरळ रेघ ओढा. आठ दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर चेन निर्दोष आहे, पकड ढिली आहे. दुसऱ्या रचनेत एक्सलचं घर खाचेत मागेपुढे सरकतं आणि त्याला ओढणारे दोन बोल्ट असतात. तिथे मुख्य नट आवळायचा राहिला किंवा ओढणाऱ्या बोल्टचा लॉकनट सुटला की तेच होतं. तिथेही रेघ मारून बघा.

दुसरी जागा इंजिनाचे पाये. इंजिन फ्रेमला धरणारा एखादा बोल्ट ढिला असेल तर जोर पडला की इंजिन मागे ओढलं जातं. धुऱ्यावर चढताना येणारा ‘कट्ट’ यातून येऊ शकतो. तिसरी, एक्सलचं बेअरिंग. मागचं चाक वरखाली धरून हलवा. लटपटत असेल तर चेन कितीही नीट लावा, चालताना खेळ बदलत राहणार. बेअरिंगजवळ सुतळी, ड्रिपची नळी किंवा पऱ्हाटीची साल गुंडाळली आहे का तेही बघा. ती सील कापते आणि तिथूनच पाणी-माती आत जाते.

हे सगळं ठीक निघालं तर मग चेनची लांबी मोजा. चेनवर आकडा छापलेला असतो. तुमच्या आकाराच्या गाडीत 420 किंवा 428 असेल, मोठ्या स्पोर्ट गाडीत 520. चेन ताणून धरून 21 पिना मोजा, पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. 420 आणि 428 मध्ये हे अंतर नवीन असताना 254 मिमी असतं. 259 च्या पुढे गेलं तर चेन संपली. 520 मध्ये नवं अंतर 317.5 मिमी, आणि 324 ला निरोप द्या. पुस्तकात याहून कडक मर्यादा असेल तर ती पाळा. चेनच्या दोनतीन वेगवेगळ्या जागी मोजा. शिवाय मोठ्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तरी निकाल तोच.

मोजमाप मर्यादेत असेल तर मिस्त्रीचं ऐकून पैसे घालू नका. मर्यादेबाहेर असेल तर एकटी चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेटंही बदला. झिजून हुकासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर ती लवकर जुनी होते. आत्ताची चेन एका हंगामात या अवस्थेला आली ती याचमुळे नाही ना, हे तुम्हीच आठवून बघा. आणि दोन कड्या काढून चेन लहान करून देणारे मिस्त्री असतात. झिजलेली चेन लहान केली तरी झिजलेलीच राहते. तिच्या प्रत्येक कडीचं अंतर वाढलेलं असतं, ते दातांशी जुळत नाही.

आवळायची पद्धत थोडक्यात. गोल घराच्या रचनेत आधी चिरेतली माती तारेने साफ करा. घर जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हाताने ठोका. लोखंडावर थेट हातोडा नको. बोल्ट ढिले करा, दिलेल्या भोकात किंवा खाचेत सळई घालून घर थोडं फिरवा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: एक्सल सर्वांत मागच्या जागेवर पोचल्यावर घर आणखी फिरवलं तर चेन पुन्हा ढिली व्हायला लागते. तुम्ही तिथवर पोचला असाल तर चेनचं आयुष्य संपत आलंय, फिरवत बसू नका. ओढणाऱ्या बोल्टच्या रचनेत दोन्ही बोल्ट सारखे फिरवा, नाहीतर एक्सल तिरपा होतो आणि चेन स्प्रॉकेटची एकच बाजू खाते. मागून डोळा लावून चेनची ओळ बघा. बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना एक्सल जरा सरकतोच.

मागचा ब्रेक एक्सलवरच असेल तर घर फिरल्यावर त्याची नळी ताणली गेली नाही ना, पेडलचा खेळ आणि हँडब्रेकची केबल पूर्वीसारखी आहे ना, हे बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. ही पायरी सगळेच विसरतात.

तेलपाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला लावू नका. त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते. ग्रीस तर फुफाट्यात सरळ पॉलिश पेपर होतं. ट्रॅक्टरसाठी मिळणारं 90 नंबरचं गिअर ऑइल उत्तम. गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या आतल्या अंगाला, आतली आणि बाहेरची पट्टी जिथे भेटते त्या फटीत थेंब थेंब सोडा. थोडा वेळ थांबून बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल सांध्याच्या आत हवं, वर चमकायला नको. धुवायला घासलेट चालतं. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंगच्या चेनला, म्हणजे सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनला, वापरलात तर रिंगा जातील.

संत्र्यावाल्यांसाठी एक खास गोष्ट. डिंक्यासाठी, म्हणजे झाडातून डिंक गळायच्या रोगासाठी, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) करताना मोरचुदाचं पाणी चेनवर सांडलं तर लगेच धुवा. मोरचूद लोखंड खातं आणि त्यावर तांब्याचा लालसर थर सोडतं. चेनवर असा लाल रंग दिसला तर तो नेहमीचा गंज समजून सोडून देऊ नका. पोटॅशसारख्या खतांचं पाणीही चेनला गंज चढवतं. टाकीची गळती कॅरिअरच्या मागे नाही, बरोबर चेनवर ठिबकते, असं मी बऱ्याच गाड्यांत बघितलं आहे. वॉशर बदलून टाका.

आणि टाकीचं वजन. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, टाकी आणि पंप वेगळे. 125 सीसीच्या कॅरिअरवर किती वजन चालतं ते स्टिकरवर बघा, आकडा बघून तुम्हाला वाईट वाटेल. कमी भरा, जास्त खेपा करा, किंवा मागे छोटी ट्रॉली जोडा, तीही पुस्तकात ओढायची मुभा असेल तरच. बगीच्यात ओळीच्या टोकाला पुढे-रिव्हर्स, पुढे-रिव्हर्स चालतं. पुढे जाताना वरची चेन ताणलेली असते, रिव्हर्सला खालची. गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्स टाकला तर सैल बाजू एकदम ताणली जाते आणि तो हिसका चेनच्या लॉकला आणि गिअरला बसतो. ‘कट्ट’ वळणाच्या टोकालाही येत असेल तर आधी ही सवय बदला.

चेनचं लॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी क्लिपची कडी, बघून घ्या. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे हवी, म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना बंद तोंड गाडीच्या पुढे. उलटी बसवली तर काडी-कचऱ्यात अडकून निघते, आणि तुटलेली चेन कधीकधी इंजिनाचं कव्हर फोडून जाते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. मागची चाकं उचलून, इंजिन चालू ठेवून, चिंध्या धरून चेन पुसायची पद्धत गावोगाव आहे. चिंधी अडकते आणि बोट स्प्रॉकेटमध्ये जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चाक हाताने फिरवा, इंजिन बंदच ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालू नका, ओंडके लावा. लहान पोरांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

तर आधी गारा काढा, मग पेंटची रेघ, मग 21 पिनांचं माप. त्यानंतर टाकी भरून आणि रिकामी, दोन्ही वेळचा खेळ लिहा. चेनवर छापलेला आकडा, ही तीन मापं आणि रेघेचा फोटो आठ दिवसांनी पाठवा. गोल घराची रचना आहे की ओढणाऱ्या बोल्टची, तेही कळवा. तोवर चेन विकत घेऊ नका. रिकाम्या गाडीत 40 मिमीच्या पुढे खेळ असेल तर फवारणीला गाडी नेऊ नका, दात चुकवायला लागलेली चेन चढावर केव्हाही उतरते.